आठ फुटी फळी आणि सतरा इंचांचं स्टूल

नमस्कार काका,

वय ३८. आठवडाभर ऑफिसात आकडेमोड आणि सुट्टीच्या दिवशी सुतारकाम, असं गेले चार महिने चाललंय. करवत, रंधा, दोन पटाश्या आणि गुण्या एवढी हत्यारं जमवली. पहिली वस्तू म्हणून साधं चौकोनी स्टूल करायचं ठरवलं आणि वखारीत गेले. तिथे सगळे घाईत. काय हवंय असं विचारल्यावर मी "चांगलं लाकूड द्या" म्हणून मोकळी झाले. आठ फूट लांब, नऊ इंच रुंद, दीड इंच जाड अशी तांबूस रंगाची जड फळी मिळाली. नाव विचारायचं राहिलं. आकडा ऐकून पोटात गोळा आला, पण आता परत कसं फिरायचं म्हणून घेतली. बाल्कनीत भिंतीला टेकवून ठेवली होती. दोन महिन्यांत दोन्ही टोकांना वीतभर भेगा गेल्या आणि फळी अशी पिळली की जमिनीवर आडवी ठेवली तर एक कोपरा इंचभर वर राहतो. घरचे म्हणतात, हात बसेपर्यंत फुकटच्या पॅकिंगच्या लाकडावर शीक. माझ्यासारख्या नवशिकीने परवडेल असं लाकूड आणायचं कुठून? आधी रद्दी लाकडावरच हात घासायचा का? आणि या फळीचं काय करू?

– पिळलेल्या फळीची मालकीण

*

ताई, फळीचं शेवटी बघू. ती कुठे पळून जात नाही. आधी तुमचं स्टूल कागदावर उतरवू. आकडेमोड तुमची रोजचीच आहे, मी मांडतो, तुम्ही पडताळा.

चार पाय, प्रत्येकी सोळा इंच लांब, दीड बाय दीड इंच. बैठकीखाली चार पट्ट्या, दहा इंच लांब, अडीच इंच रुंद, पाऊण इंच जाड. पायांना खाली बांधणाऱ्या आणखी चार पट्ट्या, तेवढ्याच लांब आणि जाड, पण दीड इंच रुंद. वर बारा बाय बारा इंचांची, इंचभर जाडीची बैठक. लाकडाचा हिशेब घनफुटात करायचा तर लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचं. चार पायांचे ०.०८३, वरच्या पट्ट्यांचे ०.०४३, खालच्या पट्ट्यांचे ०.०२६, बैठकीचे पुन्हा ०.०८३. बेरीज ०.२४ च्या आत. पाव घनफूटसुद्धा भरलं नाही! करवतीच्या फटीत, रंध्याच्या साळपटांत आणि चुकांत जाणारं म्हणून वर एक तृतीयांश धरा, तरी ०.३२. तुमची फळी मात्र आठ गुणिले नऊ गुणिले दीड, भागिले १४४, म्हणजे बरोबर पाऊण घनफूट. गरजेच्या दुपटीहून जास्त.

पण जास्तीच्या लाकडाचं एवढं वाईट वाटून घेऊ नका, ते पुढे कामाला येईल. खरी गोष्ट वेगळीच आहे. या यादीत सर्वांत लांब तुकडा सोळा इंचांचा आहे आणि तुम्ही पैसे मोजलेत ते आठ फुटांचे.

लाकडाचा भाव नुसत्या घनफुटावर ठरत नाही. लांबी, रुंदी आणि स्वच्छपणा या तीन गोष्टींवर तो चढतो. दहा फूट लांब, फूटभर रुंद आणि एकही गाठ नसलेली फळी निघायला झाड सरळ, जुनं आणि खाली फांद्या न फुटलेलं असावं लागतं. अशी झाडं कमी आणि मागणारे पुष्कळ, कारण दाराची चौकट, पलंगाची बाजू, मोठं टेबल या सगळ्यांना लांबच लाकूड लागतं. ते कापून झालं की खाली दीड-दोन फुटांचे तुकडे उरतात. लाकूड तेच, त्याच झाडाचं, बहुतेक वेळा तेवढंच चांगलं. पण चौकटवाल्याला ते नको, पलंगवाल्याला नको. जागा अडवतात म्हणून वखारवाल्यालाही ते नकोसे झालेले असतात आणि शेवटी जळणात जातात. नवशिक्या माणसाला लागणारं जवळजवळ सगळं लाकूड याच ढिगात असतं. स्टूल, पाट, खोका, फोटोची चौकट, हत्यारांची पेटी, छोटी मांडणी, काहीही घ्या, दोन फुटांवरचा तुकडा क्वचितच लागतो. म्हणून पहिलं वर्षभर वस्तू अशाच निवडा, ज्यांचे तुकडे आखूड आहेत. लाकूड परवडायला लागतं ते इथून.

आता वखारीत पुन्हा जा. "चांगलं लाकूड द्या" हे वाक्य मात्र घरी ठेवून जा. कशासाठी चांगलं, हे समोरच्याला कळायला मार्ग नव्हता. मोठं काम करणाऱ्यांना जे देतो तेच त्याने तुम्हाला दिलं. त्याने फसवलं असं मला तरी वाटत नाही. ताकाला जायचं तर भांडं लपवायचं कशाला? सरळ सांगायचं की मी शिकतेय, स्टूल करायचंय, सगळे तुकडे दीड फुटाच्या आतले हवेत, कापून उरलेले कुठे ठेवता? मापांची यादी हातात कागदावर असू द्या. कागद पाहिला की माणसं मदत करतात, असा माझा अनुभव आहे. "स्वस्तात काही आहे का" असं विचारलं की तोंड फिरवतात. माल चढवायच्या-उतरवायच्या वेळी जाऊ नका, काम थंडावलेलं असेल तेव्हा जा. आणि ढीग उपसलात तर निघताना पुन्हा रचून ठेवा. एवढ्याशा गोष्टीने पुढच्या खेपेला तुमच्यासाठी चार तुकडे बाजूला काढून ठेवलेले सापडतात.

असे तुकडे पुष्कळदा वजनावर विकतात. तेव्हा एक लक्षात असू द्या, ओलं लाकूड वजनावर घेणं म्हणजे पाणी विकत घेणं.

वखारीपेक्षाही मला आवडणारी जागा म्हणजे फर्निचर करणाऱ्याचं वर्कशॉप. तिथलं लाकूड आधीच वाळवलेलं, निवडलेलं आणि बहुतेक एका बाजूने रंधलेलं असतं. उरलेले तुकडे पोत्यात भरून बाहेर जातात. ते पोतं मागा. पहिल्यांदा फुकट देतील, पण फुकट घेऊ नका, थोडे का होईना पैसे द्या. फुकट देणारा माणूस दुसऱ्यांदा टाळतो, विकणारा स्वतःहून निरोप पाठवतो. आणि तिथे उभ्या उभ्या दहा मिनिटं कारागिराचा रंधा कसा चालतो ते पाहायला मिळतं, त्याचे पैसे कोणी लावत नाही.

जुनं लाकूड ही तिसरी जागा. मोडका पलंग, काढून टाकलेलं दार, टेबलाचे पाय, कपाटाच्या फळ्या. पंधरा-वीस वर्षं घरात काढलेलं लाकूड पूर्ण वाळलेलं असतं. पिळायचं ते पिळून झालेलं असतं. पण त्यात खिळे असतात. आणि खिळा दिसतो तो नव्हे, ज्याचं डोकं मोडून आत राहिलंय तो करवतीचे दात घालवतो. दोऱ्याला बांधलेलं छोटं लोहचुंबक फळीवरून सावकाश फिरवा. जिथे ते चिकटू पाहतं, तिथे पेन्सिलने गोल काढा. जुन्या रंगाचं लाकूड मात्र मी उचलत नाही. पूर्वीच्या तेलरंगांत शिसं सर्रास असायचं. घासलं की त्याची धूळ नाकातोंडात जाते आणि लहान मुलांना ती फार बाधते. नुसतं पॉलिश असलेलं घ्या, रंगवलेलं सोडा.

आणि जुन्या लाकडात कीड पाहायची. हे मी हात पोळून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत एकाने मला कपाटाच्या चार फळ्या फुकट दिल्या. एका कडेला मोहरीएवढी दहा-बारा भोकं होती. जुनं आहे, असायचंच, म्हणून मी हसत हसत घेतल्या आणि खोलीतल्या मांडणीला टेकवून ठेवल्या. काही महिन्यांनी एका सकाळी मांडणीच्या खाली फरशीवर पिठीची छोटीशी रास दिसली. टाल्कम पावडरसारखी मऊ, पिवळसर. पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. वर पाहिलं तर मांडणीच्या फळीला नवं, ताजं भोक, आतून अजून पांढरं. फुकटच्या चार फळ्यांपायी विकतची मांडणी गेली. जुनी, आतून काळवंडलेली भोकं म्हणजे कीड कदाचित कधीच निघून गेलेली असते. भोक आतून ताजं आणि खाली पिठी असेल तर ते लाकूड उंबऱ्याच्या आत आणू नका. फळी उभी धरून जमिनीवर दोनदा आपटा, पिठी पडते का बघा. ही कीड बहुतेक सालीलगतच्या फिकट भागात शिरते, कारण तिचं खाणं, म्हणजे लाकडातलं पिष्ट, तिथे असतं. गाभ्याच्या गडद लाकडाला सहसा तोंड लावत नाही.

घरच्यांनी सुचवलेलं पॅकिंगचं लाकूड. माल उचलायच्या त्या लाकडी चौकटी, पॅलेट म्हणतात त्या, सध्या फार गाजताहेत. माझं मत जरा कडू आहे. पॅलेट सोडवायला अर्धा दिवस जातो, खिळे नाठाळ असतात, उपटताना फळीची टोकं फाटतात आणि हातात येतात त्या पातळ, गाठाळ पट्ट्या. कुंडी ठेवायची चौकट किंवा हत्यारांची पेटी यासाठी ठीक. तरी घेणारच असाल तर शिक्का वाचायला शिका. देशाबाहेर जाणाऱ्या लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणून २००२ साली 'आयएसपीएम १५' हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्याप्रमाणे प्रक्रिया झालेल्या लाकडावर कणसाचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं आणि प्रक्रियेची खूण असते. खूण 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला निदान ३० मिनिटं तापवलेलं असतं, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी, ते घरात नको. शिक्काच नसेल तर त्यावर काय झालंय ते कळायला मार्ग नाही. आणि 'एचटी'चाही अर्थ कीड मारली एवढाच. लाकूड वाळवलं असा नव्हे, आणि त्यावर नंतर काय सांडलं हे तर तो शिक्का सांगूच शकत नाही. डाग आणि वास पाहा.

याच जोडीला दोन लाकडं कायमची वगळा. रेल्वेचे काळे, डांबरट वासाचे जुने स्लीपर आणि बाहेर वापरायचं हिरवट झाक असलेलं रसायन मुरवलेलं लाकूड. पहिल्यात क्रिओसोट, म्हणजे डांबरापासून काढलेलं विषारी तेल असतं, दुसऱ्यात, विशेषतः जुन्यात, तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. ती कापायचीही नाहीत आणि जाळायची तर मुळीच नाहीत.

आता रद्दी लाकडावर हात घासण्याचं. पटत नाही मला हे. ज्याला काम येतं तोच वाकड्या रेषांच्या, गाठाळ लाकडाला सरळ करू शकतो. नवशिक्याचा रंधा अशा लाकडावर अडतो, तुकडे उपटून निघतात, पटाशी गाठीला लागून घसरते, आणि वाटतं की आपल्या हातातच कला नाही. दोष लाकडाचा असतो आणि शिव्या आपण स्वतःला घालतो. शिकणाऱ्याला सरळ रेषांचं, बिनगाठीचं, मध्यम मऊ लाकूड हवं. लहान तुकड्यांतून ते अगदी कमी पैशांत मिळतं, म्हणून तर वर एवढं पाल्हाळ लावलं. गाठ असलेल्या फळीतूनसुद्धा गाठ वगळून सोळा इंचांचे दोन स्वच्छ पाय निघतात. आठ फूट स्वच्छ लांबी हवी असणाऱ्याला ती फळी बाद असते.

जातींच्या नावांनी घाबरू नका. कठीण लाकूड आणि मऊ लाकूड ही विभागणी मुळात वनस्पतिशास्त्राची आहे. रुंद पानांच्या झाडांचं ते कठीण आणि सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडांचं ते मऊ, असं ढोबळपणे म्हणतात. पण मुलांच्या खेळण्यातल्या विमानाचं बाल्सा, जे नखाने दबतं, ते शास्त्राच्या हिशेबाने 'कठीण' लाकूड आहे! तेव्हा नख लावून पाहा. खूण उमटते पण खड्डा पडत नाही, असं लाकूड पहिल्या वर्षाला छान. पाइन स्वस्त आणि सरळ असतं, पण धार थोडी बोथट झाली की कापलं न जाता दबतं, त्यामुळे धार लावायची शिस्त लावतं. रबरवूड स्टूलासाठी उत्तम. रबराची झाडं साधारण पंचवीस-तीस वर्षांनी चीक कमी देऊ लागली की तोडतात, तेच हे लाकूड. एकसारखं, फिकट, कापायला सरळ. फक्त ते प्रक्रिया केलेलं आहे ना हे विचारा, कारण कच्च्या रबरवूडला बुरशी आणि कीड फार लवकर लागते. सागाचे आखूड तुकडे मिळाले तर जरूर घ्या, पण सागात वाळूसारखी सिलिका असते, धार पटापट जाते. घेतलेल्या प्रत्येक तुकड्यावर त्याच दिवशी नाव आणि तारीख पेन्सिलने लिहा. सहा महिन्यांनी "तांबूस, जड" एवढीच ओळख उरू नये.

प्लायवूडचे तुकडेही मिळतील. खोक्याचा तळ, कामाच्या टेबलाची वरची बाजू, मापाचे साचे यांना ते वापरा. कुसू (म्हणजे दुसऱ्या तुकड्याच्या खाचेत बसणारं टोक) आणि खाच शिकायला उपयोगाचे नाहीत.

तुकडा हातात आला की काय पाहायचं? एक डोळा मिटा आणि बंदुकीची नळी पाहावी तशी कडेने लांबवर नजर टाका. वाक असेल तर लगेच दिसतो. मग टोक पाहा. टोकावर झाडाची वर्तुळं दिसतात. त्यांचा मध्यबिंदूच तुकड्यात आला असेल तर तो तुकडा ठेवून द्या, तो आज ना उद्या मध्यातून तडकणार. वर्तुळांच्या रेघा रुंदीला उभ्या काटत असतील तर फळी कमी हलते. कमानीसारख्या झोपलेल्या असतील तर ती पन्हाळीसारखी वळते. आणि जाडी मोजताना ध्यानात ठेवा की न रंधलेलं इंचभर लाकूड दोन्ही बाजू रंधून झाल्यावर पाऊण इंच उरतं. एकेक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन्हीकडून जातंच.

ओल मात्र नजरेला दिसत नाही, आणि तुमची फळी बिघडली ती ओलीमुळेच. ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं उडून जाईतो लाकूड नुसतं हलकं होतं, आकार बदलत नाही. साधारण ३० टक्क्यांच्या खाली ओल गेली की भिंतीतलं पाणी निघू लागतं आणि लाकूड आक्रसायला लागतं. तेही सगळीकडून सारखं नाही. वर्तुळांच्या दिशेने जेवढं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मंच केंद्राकडच्या दिशेने, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. या असमान ओढाताणीतून फळी वळते, आणि तिच्या रेषा मुळातच तिरप्या असतील तर पिळते. शिवाय टोकातून पाणी पृष्ठभागापेक्षा साधारण दहा ते पंधरा पट वेगाने निघतं. टोकं आधी वाळली, आक्रसू लागली, मध्य तसाच फुगलेला राहिला, म्हणून भेगा. त्यात तुमची फळी बाल्कनीत एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला भिंत अशी उभी होती.

ओल मोजायचं यंत्र मिळतं, पण आत्ता घेऊ नका. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. तुकड्याचं वजन करायचं आणि तुकड्यावरच पेन्सिलने तारखेसह लिहायचं. आठवड्याने पुन्हा. वजन उतरत असेल तोवर लाकूड वाळतंय. लागोपाठ तीन आठवडे आकडा हलला नाही की ते तुमच्या खोलीच्या हवेशी जुळलं, मग कामाला घ्यायचं. पावसाळी हवेत तो आकडा थोडा वर जाईल, दचकू नका. टक्केवारीच हवी असेल तर हिशेब असा: ओल्या वजनातून पूर्ण वाळलेलं, म्हणजे पाणी अजिबात न उरलेलं वजन वजा करा आणि वाळलेल्या वजनाने भागा. भागाकार वाळलेल्या वजनाने असल्यामुळे ताज्या लाकडाची ओल १०० टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. तुमच्यासारख्या हिशेबी माणसाला हे पहिल्यांदा खटकेल, पण रीत तीच आहे.

कुणाच्या अंगणातलं पडलेलं झाड मिळालं तर? तोडायची आणि न्यायची परवानगी लागते का हे तुमच्याकडे विचारून घ्या, मग खुशाल घ्या. पण पहिल्या स्टुलासाठी नव्हे. मोकळ्या हवेत इंचाच्या जाडीला एक वर्ष असा जुना ठोकताळा आहे. आज चिरून ठेवलंत तर पुढच्या वर्षीचं लाकूड झालं.

आता ती फळी.

तिच्यात अख्खं स्टूल आहे. आधी दोन्ही टोकांच्या वीत-वीतभर भेगा कापून टाका, भेग संपते त्याच्या पुढे बोटभर जास्तच. उरली साधारण साडेसहा फूट. तिचे दीड दीड फुटांचे चार तुकडे करा. आठ फुटांत पीळ एक इंच, म्हणजे आठ सूत होता. दीड फुटाच्या तुकड्यात तो हिशेबाने दीड सूतच उरतो, आणि दीड सूत हाताच्या रंध्याने निघतो. तीच फळी आठ फुटी ठेवून सरळ करायला गेलात तर अर्धं लाकूड साळपटांत जाईल.

एका तुकड्यातून पाय उभे चिरा. दीड इंचाची जाडी रंधून सव्वा इंच राहील, स्टुलाला पुरे. दोन तुकडे बैठकीसाठी, प्रत्येकी सहा इंच रुंदीचे करून कडेला कडा चिकटवायचे. चौथ्यातून आणि उरलेल्या चिंध्यांतून पट्ट्या. हे सगळं आत्ता मापाला आणू नका, चहूबाजूंनी सूत-दोन सूत जास्त ठेवून नुसतं चिरा आणि वाळत घाला. बाल्कनीत नाही, घरात, उन्हापासून लांब. जमिनीवर थेट न ठेवता खाली दोन वाळक्या पट्ट्या, त्यावर तुकडे, मध्ये बोटभर फट, त्यावर पुन्हा पट्ट्या. वरच्या पट्ट्या खालच्यांच्या बरोबर डोक्यावर यायला हव्यात, नाहीतर लाकूड मधल्या जागी वाकतं. कापलेल्या टोकांना मेण किंवा उरलासुरला रंग फासा. सगळ्यांत वर एक जड वस्तू ठेवा.

बैठकीचा एक तुकडा सुमारे पावणेतीन लिटर आकारमानाचा आहे, म्हणजे वजन अंदाजे दोन किलो भरेल. त्यातलं पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम अजून पाणीच निघालं तर नवल वाटून घेऊ नका. पेलाभर पाणी एका तुकड्यात! ते निघायला काही महिने जातील. तोवर वर्कशॉपमधलं पोतं आणा आणि त्यातल्या वाळक्या तुकड्यांचं पहिलं स्टूल करा. ते डगमगेल. डगमगू द्या, पायाखाली कागदाची घडी घाला आणि त्याच्यावरच बसून या तुकड्यांची वजनं लिहीत जा. तिन्ही आठवड्यांचा आकडा सारखा आला की मला कळवा, कडा जोडायचं पुढच्या पत्रात सांगतो. आणि हो, टोकाचे ते भेगाळलेले दोन तुकडे फेकू नका. भेगेच्या रेषेतच फोडलेत तर त्यातून रंध्याला लावायच्या चांगल्या सरळ पाचरी निघतात.